आधी ‘कोण’, मग ‘काय’

शालू,

तुझी राख वैनगंगेत सोडून आलो, त्याच संध्याकाळी मी तुझ्याशी भांडले. चुलीपाशी बसून भाताची पेज ओतून काढत होते आणि मोठ्यानं बोलून गेले, “आता काहून गप्प बसली? सांग ना, माझं चुकते कुठे?” तुझे दादा बाहेर ओसरीत होते. ते दारापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता विचारतील, कोणाशी बोलून राहिली म्हणून. पण ते तसेच परत गेले.

आणि तेवढ्यात मला आठवलं, तू हे आधीच सांगून ठेवलं होतंस. तू म्हणायचीस, माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ताडत बसतो. आई काय म्हणेल, नवरा काय म्हणेल, वहिनी काय म्हणेल. ज्याच्यासोबत राहतो त्याच्यासारखाच एक माणूस आपल्या डोक्यात तयार होतो. मग एक दिवस बाहेरचा माणूस मरतो. डोक्यातल्या माणसाला ते कोण सांगणार? तो बोलतच राहतो. “मी मेल्यावर तू माझ्याशी भांडशील पाहा,” असं तू म्हणाली होतीस, “आणि तिथूनच देव-पितर हे सगळं सुरू झालं असंल.”

पेज माझ्या पायावर सांडली, चटका बसला, आणि मी हसले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी हसले. तुझं म्हणणं माझ्याच स्वयंपाकघरात खरं ठरलं होतं, आणि हे सांगायला धावत जावं अशी एकच जागा होती, तुझी खोली.

तू माझी नणंद. सिहोऱ्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचीस, लग्न केलं नाहीस, आयुष्यभर भावाच्या घरी राहिलीस. मी मोहाडीच्या विणकरांच्या घरातली, मागाच्या आवाजात वाढलेली, देवीची भजनं म्हणणारी. नणंद-भावजया ज्यावर भांडतात, ते दागिने, माहेर, स्वयंपाक, त्यावर आपण कधी भांडलो नाही. आपलं भांडण एकच होतं आणि ते पुरून उरलं. माणसाला देव कुठून सुचला?

सुरुवात झाली ती सिहोऱ्याच्या बाजारातून येताना. मी लग्न होऊन नवीनच आले होते. दिवस मावळत होता. आपण तलावाच्या पाळीवरून येत होतो, हातात भाजीच्या पिशव्या. बेशरमाच्या झुडपात काहीतरी जोरात सळसळलं. आपण दोघी थांबलो, एकमेकींचा हात धरला आणि एकदमच ओरडलो, “कोन आहे?”

झुडपातून कोणाचं तरी वासरू निघालं. मी निःश्वास टाकला आणि चालायला लागले. तू हललीच नाहीस.

“वहिनी, आपण काय विचारलं आत्ता?”

“कोन आहे म्हटलं.”

“काय आहे, असं काहून नाही विचारलं?”

मला वाटलं, हिला शाळेतल्या पोरांना प्रश्न विचारायची सवय लागली आहे. पण तू पिशवी पाळीवरच ठेवलीस, त्यातली वांगी उताराला लागली, तरी तुझं लक्ष नव्हतं. “या जंगलात माणूस किती पिढ्यांपासून आहे, विचार कर. गवत हललं. एकाले वाटलं, वारा असंल. दुसऱ्याले वाटलं, वाघ असंल. दुसरा पळाला. पुष्कळदा फुकटच पळाला, वाराच होता. पण एक दिवस वाघ होता. आपण त्या पळणाऱ्याची लेकरं आहोत, वहिनी. वारा म्हणणाऱ्याची लेकरं राहिलीच नाहीत. म्हणून आपल्या अंगात आधी ‘कोण’ येते, ‘काय’ मागून येते. ढग गडगडला, कोण? धान पिकला, कोणी दिला? घरातलं पोर गेलं, कोणी नेलं?”

मी वांगी वेचत होते. माझ्या अंगावर शहारा आला होता, पण तो मी तुला दाखवला नाही. कारण लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि राग आला. म्हणजे माझी देवी काय, बेशरमातलं वासरू?

त्या रात्री मी तुला वाढलं, पण बोलले नाही. सकाळी तू शाळेत निघालीस तेव्हा मी पायरीवर तुला अडवलं. आठवतं?

“डोळाही असाच तयार झाला ना? ज्याले उजेड दिसला तो वाचला, असाच?”

“हो, बराचसा असाच.”

“मग डोळा कसा झाला हे समजलं म्हणून उजेड खोटा होते काय?”

तू एक पाय चपलेत आणि एक बाहेर, अशी उभी राहिलीस. तुझ्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं, ते मी त्याआधी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. कोणी आपल्याला हरवलं म्हणून इतका आनंद झालेला माणूस मला तेव्हा पहिल्यांदा भेटला. “याचं उत्तर देतो,” म्हणालीस, “पण आज नाही.” आणि एका पायात तुझी, एका पायात माझी चप्पल घालून शाळेत गेलीस. माझ्या माहेरी देवाधर्मावर बोलायला पुरुष बसत. माझा प्रश्न घेऊन दिवसभर फिरणारं कोणी पहिल्यांदाच मला मिळालं होतं.

मग आपली खोडच झाली. काही दिसलं की दोघी धावायचो. ती वानरीण आठवते? बोडीच्या पाण्याकाठच्या आमराईत मेलेलं पिल्लू छातीशी धरून फिरायची. पिल्लू वाळून चामड्यासारखं झालं तरी सोडत नव्हती. तू शाळेच्या आधी रोज तिथं जायचीस, मलाही न्यायचीस. एका सकाळी दुसरी म्हातारी वानरीण तिच्याजवळ येऊन बसली. पिल्लाला हुंगलं, आणि मग त्या आईच्या पाठीतल्या उवा काढत बसली. मी पदर तोंडाला लावला.

“तिचं सांत्वन करून राहिली ती,” मी म्हणाले.

“तसं म्हणता नाही येत. आपलं मन आपण तिच्यात घालून राहिलो असू.” पण त्या दिवशी तू शाळेत उशिरा गेलीस. मग काही दिवसांनी पिल्लू झाडाखाली पडलेलं दिसलं. वानरांची टोळी पुढे निघून गेली होती. तू त्या पिल्लाकडे फार वेळ पाहत राहिलीस.

घरी आलो तर दिवाळीचं सारवण सुरू होतं. बादलीत गेरू कालवून ठेवला होता. तू अंगणात पाय ठेवलास आणि थबकलीस. मग पुढे होऊन सरळ मनगटापर्यंत हात त्या गेरूत घातलास.

“इथं फरक आहे, वहिनी. फार जुन्या थडग्यांत हाडांसोबत हा सापडला आहे. हाच, गेरू. वानरीण पिल्लू सोडून गेली. कोणीतरी एक होतं, ज्याला सोडून जाता आलं नाही. जमीन उकरली, लेकराला निजवलं, आणि कुठूनतरी ही लाल माती आणली. काय वाटलं असंल त्याले? खायच्या कामाची नाही, थंडी अडवायच्या कामाची नाही. तरी आणली.”

तुझ्या कोपरावरून लाल थेंब अंगणात पडत होते. तुझे दादा ओरडले, “अवं, भिंतीले लाव ते, अंगाले काय लावतेस?” तू ऐकलंच नाहीस. मी मात्र त्या क्षणी बाजू बदलली होती, हे तुला कधी कळलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं, तू माझ्या देवाला लहान करायला निघाली आहेस. त्या दिवशी वाटलं, ही तर माझ्या देवाच्या घरी जायची वाट शोधते आहे, अगदी पहिल्या पावलापासून.

पवनीला गेलो ते याच नादात. एसटीनं उन्हाचे पोचलो. स्तूपाचे अवशेष पाहायला तू मला घेऊन गेलीस. वाटेत बोलणं सुरूच होतं, की एका माणसाची मूठभर राख कुठंतरी ठेवली जाते आणि माणसं तिच्याभोवती डोंगराएवढं बांधकाम उभं करतात, ते काहून. शेळ्या चरत होत्या, ऊन मी म्हणत होतं. मी नमस्कार केला. बुद्धाची जागा, आपल्या देवीची नाही, तरी हात आपोआप जुळले. वळून पाहते तर तू अनवाणी. तुझ्या चपला गवताच्या कडेला नीट जोडीनं ठेवलेल्या.

“तू तर मानत नाहीस. मग चपला काहून काढल्या?”

तू खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलंस. खरंच तुला माहीत नव्हतं. “मी नाही काढल्या,” म्हणालीस. “पायानं काढल्या.” आणि एसटीत बसल्यावर गावापर्यंत तोच विषय. मनाच्या आधी पायाला कसं कळलं. पवित्र हा शब्द निघायच्या आधी पवित्र जागेवर सावकाश चालणं आलं असेल का. शेजारच्या बाईनं तुला विचारलं, “मास्तरीण काय तुमी?” तू म्हणालीस, “नाही, विद्यार्थी.”

आमच्या भजन मंडळात तू आलीस, तेव्हा मला धास्ती होती. तुला गाता येत नव्हतं. तुझा आवाज ऐकून तबला वाजवणारीचा हात चुकायचा. पण तू गायला आलीच नव्हतीस. तू एकेकीच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहत बसलीस, गाण्याच्या आधी आणि नंतर. बायका हसून लोळल्या. कोणी म्हणे, माझं लगीन कधी होते ते पाह्य. नाडीतून तुला काही धड हाती लागलं नाही, तसं तू कबूलही केलंस. पण डोळे मिटून ऐकताना तुला दुसरंच सापडलं. “वहिनी, तुमचा सगळ्यांचा श्वास एकाच जागी थांबते. इतक्या जणी, सासवा-सुना, वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या, आणि श्वास एकाच ठिकाणी घेऊन राहिल्या. शब्दांच्या आधी हे असंल. जाळाभोवती नुसत्या टाळ्या आणि एकच श्वास. जे एकत्र श्वास घेत होते ते एकमेकाले संकटात सोडत नसतील.” मी मागाचं सांगितलं, माझे बाबा आणि काका समोरासमोरच्या मागावर बसले की भांडण झालेलं असलं तरी थोड्या वेळात दोघांचे सूत ओढणारे धोटे एका ठेक्यात पडायचे. तू तिथंच माझा हात दाबलास, इतका की बांगडी रुतली.

आता एक सांगते, तुझ्यासमोर कधी बोलले नाही. त्या दिवसानंतर माझं भजन मोठं झालं. आधी मी देवीसमोर बसायचे तेव्हा आमच्या गावच्या बायका आणि मी एवढंच असायचं. नंतर डोळे मिटले की मागे माणसंच माणसं बसलेली वाटायची, ज्यांना अजून भाषा आली नाही अशीसुद्धा, जाळाकडे तोंड करून. देवळातल्या कोणी मला इतकी माणसं दिली नव्हती. ती तू दिलीस. न मानणारीनं दिलीस. हे तोंडावर सांगायला मला लाज वाटत राहिली, कारण तू लगेच विचारलं असतंस, “म्हणजे कशी बसली होती? सांग बरं.”

तसंच तू नवसाचं केलंस. तुझ्या पोटातलं दुखणं काय आहे हे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी मोहाडीला जाऊन देवीला नवस बोलले. तुला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण माझ्या कपाळाचा कुंकवाचा मळवट पाहून तू ओळखलंस. मला वाटलं, आता चिडशील. तू उशीला टेकून उठून बसलीस, डोळे लखलखले.

“बोलताना काय वाटलं? पहिल्यापासून सांग. गाळू नको काही.”

“काय वाटायचं? भीती वाटली.”

“ते आधी. गाभाऱ्यात गेल्यावर?”

मग मी सांगत गेले. की आधी छाती आवळली होती. की देवीच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर वाटलं, हिला सगळं आधीच माहीत आहे. की बोलून झाल्यावर हात हलके झाले, जसं जड घमेलं कोणीतरी दुसऱ्या बाजूनं धरलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. दुखत असेल, पण चेहरा असा होता की पोरीला पहिल्यांदा जत्रा दाखवावी.

“दुसऱ्या बाजूनं धरलं,” तू म्हणालीस. “हे फार भारी सांगितलंस. हे असंल तर माणूस याच्याशिवाय टिकलाच नसता.”

“मग मान ना देवीले.”

“मानत नाही. पण तुझे हात हलके झाले ते मानतो.”

मग तुला तुझी उधारी आठवली. पायरीवरच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर. इतकी वर्षं तू ते शोधत होतीस. “ऐक. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी दिसते. दुरून चमकते. डोळा तिथंही सांगते पाणी आहे, आणि तिथं काही नसते. डोळा खरा असला तरी फसते, वहिनी.”

मी थोडा विचार केला. “पण पाणी कुठंतरी असते म्हणून ना डोळ्याले पाणी वाटते? जगात पाणीच नसतं तर रस्त्यावर काय दिसलं असतं?”

तू हसलीस. हसताना कळ आली, पोट धरलंस, तरी हसत राहिलीस. “हे उद्या पाहू,” म्हणालीस. दुसऱ्या दिवसापासून औषधानं तुला झोपच लागून राहिली. शेवटचा शब्द माझा राहिला, शालू, आणि मला तो नको आहे. मी चुलीपाशी जे भांडले ते यासाठीच. तुझ्याकडे पुढचं काहीतरी होतं. हसण्यातच होतं ते.

तू दादांना सांगून ठेवलं होतंस, माझ्यामागे पिंड नको, पान नको, कावळ्याची वाट पाहू नका. ते मान खाली घालून ऐकत होते. पण त्यांनी ते पाळलं. भावकी बोलली. म्हातारे काका अंगणात सगळ्यांसमोर म्हणाले, “बहिणीले उपाशी धाडलं यानं.” दादा उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. तू त्यांना ओळखतेस, ते उलट बोलत नाहीत. पण तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, चार घास मोडायचे, आणि हात धुवायचे. मी वेगवेगळं करून पाहिलं. मला भीती वाटायला लागली होती. शब्द पाळता पाळता हा माणूस आतून सुकत चालला होता, आणि तू असतीस तर तुलाच विचारलं असतं काय करू.

मधल्या काळात लवकर येणारा हलका धान निघाला. कापणी, मळणी-चुरणा सगळं माणसांनी उरकलं, दादा नुसते उभे असायचे. काल नवे तांदूळ घरात आले. मी पहिला भात लावला. नव्या तांदळाचा भात तुला माहीत आहे, चिकट होतो आणि वास ओसरीपर्यंत जातो. दादा आत आले. त्यांनी स्वतः ताटं मांडली, जे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. एक त्यांचं, एक माझं, आणि तुझ्या जागेवर तिसरं. तिन्हींत स्वतःच्या हातानं भात वाढला, वरण घातलं.

मी घाबरले. “अहो, तिनं नको म्हटलं होतं.”

“तिच्यासाठी नाही वाढलं,” ते म्हणाले. “तिले काय कराचं आहे त्याचं? मले नाही जेवल्या जात, ती जागा तशी पाहून.”

शालू, मी तुझ्या ताटातून वर येणाऱ्या वाफेकडे पाहत होते आणि मला वाटत होतं की मी आत्ता, या क्षणी, ते पाहते आहे. ज्याच्यामागे आपण दोघी आयुष्यभर धावलो, आमराईत आणि पवनीत आणि भजनात. कधीकाळी कोणीतरी पहिल्यांदा असाच एक वाटा बाजूला काढला असेल. तेव्हा देव नव्हता, परलोक नव्हता, कोणी सांगणारं नव्हतं. शेजारची जागा रिकामी होती आणि घास उतरत नव्हता, एवढंच होतं. बाकी सगळं, मंत्र आणि देवळं आणि कावळे, त्यानंतर आलं असेल. आता यावर तू काय म्हणशील ते मला ऐकू येत नाही. पण तू पिशवी खाली ठेवली असतीस, एवढं नक्की.

मी जेवायला बसले.

दादा जेवले. भात पुन्हा मागून घेतला. जेवण झाल्यावर त्यांनी ते तिसरं ताट ओढलं, अर्धा भात माझ्या ताटात टाकला, अर्धा आपल्या.

“थंडा होते,” ते म्हणाले. “खाऊन घे.”